शेवटची गाडी

पोवई नाक्यावर सहाला जमायचं ठरलं होतं.
सहाला फक्त थंडी आली.
मग फिरोज बागवान, वडिलांच्या बुलेटवर,
मग हणमंत आणि त्याच्यामागे रोहिणी,
मफलर असा गुंडाळलेला की डोळेच तेवढे ओळखीचे.
गिरिजा लोहार, रविवार असूनही
पीटीची शिट्टी गळ्यात.
जंगमकाका सगळ्यांत उशिरा.
तीस वर्षं एसटी वेळेवर सोडली,
त्याचा सूड उगवतात आता.

माझी जागा ठरलेली, शेवटची.
हळू चालवतो म्हणून दिली होती कधीतरी,
आता मागितली तरी सोडत नाही.
पुढच्याला रस्ता दिसतो,
मला रस्त्यासकट माणसं.

बोगद्यात शिरताना सगळ्यांनी हॉर्न दाबून धरले,
पन्नाशी गाठलेली माणसं,
आणि बाहेर पडल्यावर
कोणीच काही केलं नाही असे सरळ बसलो.

मग उरमोडीचं पाणी,
अजून धुक्याची चादर न काढलेलं.
रोहिणीचा हात हणमंतच्या खिशातून निघतो,
बोट कशाकडे तरी उठतं.
ती काय दाखवते ते मला
अर्ध्या मिनिटाने मिळतं:
कुंपणावर वाळत घातलेल्या सात गोधड्या.
एका शेळीच्या गळ्यात कुणाचा तरी टाय.
माझी अर्धी सहल अशी
तिच्या बोटाने येते, थोडी शिळी,
पण दोघांनी पाहिलेली.

पाठींचंही एक कळायला लागतं.
वळण यायच्या आधीच फिरोजचा डावा खांदा पडतो.
गिरिजा चढाला पुढे झुकते,
जणू गाडीला तिची मदत लागते आहे.
हणमंतची पाठ मला कधी दिसलीच नाही,
तिच्यावर रोहिणी आहे.

ठोसेघर मागे पडलं, चाळकेवाडीचं पठार लागलं.
गवत पिवळं, आभाळ रिकामं,
आणि पवनचक्क्या, किती ते मोजायचं नाही.
पात्याची सावली रस्ता ओलांडते,
एकेकाला कापून जाते
आणि पलीकडे तो अख्खा निघतो.

वळणानंतर मी मोजतो, सवय आहे.
लाल दिवे चार हवेत.
तीन.

मागे वळलो.
पोटात जे व्हायचं ते झालंच.
कच्च्या वाटेने आत, पवनचक्कीच्या बुडाशी
जंगमकाकांची यामाहा स्टँडवर,
काका कठड्यावर, हेल्मेट मांडीत,
खाली दरीतल्या गावांकडे बघत.

“काका, पंक्चर?”
ते हलले नाहीत.
“सातारा-चाळकेवाडी, मुक्कामी गाडी.
अकरा वर्षं नेली ह्या रस्त्यानं.
दर खेपेला वाटायचं, बघावं उतरून.”
मग बराच वेळ नुसतं पातं फिरलं, घूं… घूं…
“इथं थांबा नव्हता रं.”

एकेक करत बाकीचे परतले,
काय झालं काय झालं करत,
आणि कोणी सांगितलं नाही तरी
गाड्या बंद करून उभे राहिले.
फिरोजने कंदी पेढ्यांचा पुडा फिरवला.
वाऱ्याने त्याचा कागद नेला,
हणमंत धावला त्याच्यामागे,
पन्नाशीतला, गमबूट घालून,
आणि आम्ही हसून हसून खाली बसलो.

काका निघेनात.
तेव्हा गिरिजाने शिट्टी ओठांत धरली
आणि दोनदा फुंकली, तोकडी.
डबल बेल.
काकांचा पाय आपोआप
किकवर गेला.

तारळ्याकडे उतरलो, नागठाण्यापाशी
उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो,
चिपाडं हेल्मेटवर.
साताऱ्यात शिरल्यावर एकेक इंडिकेटर लागला,
एकेक दिवा गल्लीत वळला.
हात कोणी केला नाही,
आरशात बघितलं मात्र सगळ्यांनी.

“काय काय पाहिलंत?” घरी विचारलं.
कपबशी हातात थरथरत होती,
इंजिन अजून मनगटात.
“पाठी,” म्हणालो.
“पाठी? म्हणजे मागं?”
मी चहा बशीत ओतला
आणि सांगायला सुरुवात केली
गोधड्यांपासून.